काट्यावर घेतलेला संशय

कुत्र्याचं नाव बोक्या. हे नाव लेकीनं ठेवलेलं. पिल्लू असताना तो मांजरासारखा फळीवर चढून बसायचा आणि मग उतरता येईना म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. लेक सासरी गेली, फळी रिकामी झाली, आणि बोक्या वाढत वाढत असा झाला की साधी पायरी चढायची तरी आधी तिच्याकडे बघून उसासा टाकायचा. पाठ पाटासारखी रुंद, पोट जमिनीशी गुजगोष्टी करणारं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज विचारायचा, "काटेकाका, याला फिरवायला नेता की ढकलत नेता?"

काटेकाका म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. खरं आडनाव काय ते लोक कधीच विसरले होते. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात त्यांचा सगळा संसार मांडलेला: वाण्याचे काटे, भंगारवाल्याचे काटे, दवाखान्यात तान्ही बाळं निजवतात ते टोपलीवाले काटे, आणि वर, काचेच्या पेटीत, सराफाचा नाजूक काटा, ज्याच्यासमोर श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. जवळच मखमलीत निजवलेली पितळी प्रमाण वजनं. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं; बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. काका म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, काटा नाही बोलत. आणि काटा बोललाच, तर त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं."

घरात काकू. काकू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या, पथ्याच्या चुलीवर. मीठ नसलेलं, तेल नसलेलं, साखर नसलेलं, असं 'नसलेलं' सगळं त्यांच्या हातून शिजायचं. तिथं त्यांना पथ्यमावशी म्हणत. एक रुग्ण आजोबा चमच्यानं ताट वाजवून हाक मारायचे, "पथ्यमावशी, आज काय नाही?" आणि त्या म्हणायच्या, "आज चव नाही, आजोबा. उद्या वाससुद्धा नसेल." सगळा वॉर्ड हसायचा.

त्या वर्षी बोक्याचे मागचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी बोक्याला टेबलावर घेतलं, बरगड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "काका, बरगड्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. हाताला लागत नाहीत."

काका हसले, मग बाईंचा चेहरा बघून थांबले.

"पायांवर भार आहे, हृदयावर भार आहे. औषध मी देईन, पण खरं औषध भांड्यात आहे. कातडं-चरबी काढून उकडलेलं कोंबडीचं मांस, भोपळा, गाजर, शेंगा, थोडा भात, अधूनमधून अंडं, जराशी कलेजी, आणि हाडांसाठी ही पूड. सगळं मापात. पाव नाही, लोणी नाही, गोड नाही, तुमच्या ताटातला घास नाही. वजन उतरलं तर हा अजून कितीतरी वर्षं तुमच्या पायात पायात करील. नाही उतरलं तर पाय जातील, आणि मग मला तुम्हाला जे सांगावं लागेल ते मला सांगायचं नाहीये."

काकांनी मान डोलावली. मापात म्हणजे त्यांच्या धंद्यातलीच गोष्ट की!

घरी आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरासाठी दुकानातला उत्तम काटा काढला, पुसला, प्रमाण वजनं लावून तपासला आणि ओट्यावर मांडला, एखाद्या लेकराला नवा सदरा घालून पाटावर बसवावं तसा. काकूंनी भोपळा चिरला, मांस उकडलं, वरची चरबी थंड करून काढून टाकली. ते काम त्यांच्याइतकं स्वच्छ कुणाला येणार? शिजवायच्या त्या. संध्याकाळचं भांडं काका तोलायचे. सकाळी त्यांना दुकान उघडायची घाई, म्हणून सकाळचं काकू तोलून द्यायच्या आणि मग इस्पितळात जायच्या. भाजी चिरताना त्या गुणगुणायच्या. आईकडून आलेली चाल, शब्द मात्र त्यांचे स्वतःचे:

वाटी वाटी मोजू किती, माया मापात बसेना,
दारी आलेल्या जिवाला नाही म्हणता म्हणवेना.

"छान आहे गं," काका चष्मा पुसत म्हणायचे. "पण वाटीनं नको मोजू. काट्यानं मोज."

"हो हो, तुमच्या काट्यानं," त्या म्हणायच्या.

दर रविवारी काका बोक्याला दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं करायचे. पहिल्या रविवारी वजन होतं तेवढंच. "अंगाला कळायला वेळ लागतो," काका म्हणाले. पुढच्या रविवारीही तेवढंच. त्याच्या पुढच्या रविवारी काटा किंचित पुढं सरकला. अगदी किंचित. पण किंचित म्हणजे किती, हे जगात कुणाला कळत असेल तर ते काकांना.

त्यांनी मोठा काटा तपासला. बरोबर. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर बोक्याला ठेवलं, तिथंही तेच.

"घरात कुणी वरचं काही देतं का?" बाईंनी विचारलं. "लाडानं? चोरून?"

"घरात आम्ही दोघं," काका म्हणाले. "मी देत नाही. आणि ती तर इस्पितळात पथ्य रांधते. आमच्या घरात पथ्य मोडायचं म्हणजे देवळात चप्पल घालण्यासारखं."

घरी येऊन त्यांनी हे काकूंना हसत हसत सांगितलं. काकूही हसल्या. हसताना त्या ओट्याकडे वळल्या आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या. काकांना ते दिसलं, पण दिसूनही दिसलं नाही. घरातल्या माणसाकडे आपण बघतो कुठं? असतंच ते समोर, भिंतीवरच्या घड्याळासारखं.

पुढच्या खेपेला बाईंनी बोक्याचं रक्त काढलं. गळ्यातल्या ग्रंथीचा काही दोष असेल तर कळेल म्हणाल्या. मुका जीव, सुईकडे बघून काकांच्या काखेत तोंड खुपसून थरथरला. दोष निघाला नाही.

मग उरलं काय? भांड्यात जातं ते बरोबर, अंगावर चढतं ते जास्त. म्हणजे स्वयंपाकघरातला काटा कमी दाखवत असणार. काकांनी तो संध्याकाळी उघडला. ओट्यावर फडकं पसरून एकेक स्क्रू काढला. घरातला दिवा आतपर्यंत पोचेना, म्हणून काकूंनी बॅटरी धरली. किती तरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या, हात अवघडला की दुसऱ्या हातात घेत.

"जरा डावीकडे धर. हं. दांडी टेकते त्या धारेला कुठं खाच पडलीय का बघ गं, तुझी नजर अजून तीक्ष्ण आहे."

काकू वाकल्या. "नाही दिसत काही."

"मलाही नाही दिसत. पण असणार. असल्याशिवाय कसं होईल?"

खाच नव्हती. त्यांनी काटा जोडला, प्रमाण वजनं लावली. बरोबर. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. मग त्यांना वाटलं, वजनंच झिजली असतील. ती दुसऱ्या कारागिराकडे नेऊन ताडून पाहिली. वजनं जशीच्या तशी होती, मखमलीत निजलेली, निर्दोष.

सगळं बरोबर निघालं की राहतो तो आपण. काका रात्रंदिवस स्वतःच्या हातांकडे बघू लागले. चिमट्यात वजन उचललं की त्यांना वाटे, थरथरतंय. आधी थरथरत नव्हतं. वाटायला लागलं तसं थरथरू लागलं. सराफाचा काटा उघडायला घेतला आणि तसाच मिटवून ठेवला. पाखराचं पीस जिथं तोललं जातं तिथं आपला संशयी हात कसा घालायचा?

एक दिवस ते सराफाकडे गेले आणि म्हणाले, "शेठ, बारीक काम आता दुसऱ्याला द्या. नजर चुकायला लागलीय माझी."

"काय सांगता काका! तुमची नजर?"

"माझ्याच घरात माप चुकतंय, शेठ. तुमच्या सोन्याचं पाप कुठं घेऊ?"

घरी येऊन ते जेवायला बसले नाहीत. काकूंनी विचारलं तेव्हा सांगितलं. काकू शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं कुरवाळत म्हणाल्या, "वय झालं आता. होतं असं. इतकं मनाला लावून घेऊ नये."

बोक्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. काकांना तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्याला कुणीतरी आहे, असं वाटलं होतं.

पुढचा रविवार आला तेव्हा बोक्या उठलाच नाही. पाठ कमानीसारखी वाकवून, पुढचे पाय पसरून, पोट वर धरून उभं राहायचा प्रयत्न करी आणि कण्हे. काकांनी त्याला चादरीत घेतलं. चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन काकूंनी. इस्त्रीवाल्यानं आज थट्टा केली नाही. इस्त्री तशीच ठेवून तो रिक्षा थांबवायला धावला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवताच बोक्या ओरडला आणि टेबलावरच ओकला. पिवळं, तेलकट, आणि त्यात पावाच्या कडांचे तुकडे.

बाईंनी काकांकडे पाहिलं. "स्वादुपिंडाला सूज आलीय. हे चरबीनं होतं. काय खाल्लंय यानं?"

"मी तोललेलं," काका म्हणाले. "मांस, भोपळा..."

"काका," बाई हळू म्हणाल्या, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला कळत नाही. माझा काटाच..."

"लोणी," मागून आवाज आला.

काकूंचा आवाज होता, पण घरातला नव्हता. कामाची पाळी संपताना पुढच्या बाईला सांगतात तसला, सपाट, इस्पितळातला.

"पावाच्या कडा, लोणी लावून. सकाळी मी कामावर निघताना आणि संध्याकाळी हे यायच्या आधी. काल जास्त झालं. लोण्याचा डबा संपत आला होता, तो चाटायला दिला."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पथ्य सुरू झालं तेव्हापासून."

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. त्या सुई, नळी, सलाईन यांच्या मागे लागल्या. "वेळेवर सांगितलंत, आता उपचार नेमका करता येईल," एवढं म्हणाल्या. वेळेवर! काका टेबलाची कड धरून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते.

बोक्याला तिथंच ठेवून दोघं चालत निघाले. बऱ्याच वेळानं, बंद दुकानांच्या रांगेपाशी, काकू म्हणाल्या, "बोला ना काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

"लोण्याचं काही नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"लोणी दिलंस. जीव तुटला असेल, दिलंस. चुकलीस. ते मी समजू शकतो."

"दिवसभर मी नाही म्हणते हो," काकूंचा आवाज आता घरातला झाला. "मीठ मागतात, नाही. साखर मागतात, नाही. तो ताट वाजवणारा आजोबा, त्यानं शेवटी बोटभर लोणी मागितलं होतं. बोटभर. मी म्हटलं, बरे व्हा, मग डबाभर देते. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. घरी आले तर हा दारात. त्याचे ते डोळे. मला नाही म्हणवेना. मी स्वतःशी म्हणायचे, एवढ्यानं काय होतंय."

"तुला माहीत होतं एवढ्यानं काय होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं."

"होतं," काकू म्हणाल्या.

"तेही समजलो एक वेळ." काका थांबले. "पण मी काटा उघडला होता. ओट्यावर. तू बॅटरी धरली होतीस."

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मी म्हटलं, खाच दिसतेय का बघ. तू वाकलीस. बघितलंस. म्हणालीस, नाही दिसत."

"सांगणार होते त्या दिवशी. देवाशपथ."

"मग मी सराफाचं काम सोडून आलो. तू हात कुरवाळलास. म्हणालीस, वय झालं." त्यांचा आवाज चिरकला, आणि त्या चिरकण्याचाच त्यांना राग आला. "अगं, मी माझ्या हातांना चोर समजलो! आयुष्यभराच्या हातांना! आणि चोर माहीत असलेलं माणूस शेजारी बसून त्यांना कुरवाळत होतं."

"भीती वाटली. एक दिवस लपवलं, की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागतं. मग तीन दिवसांचं. ते वाढतच जातं हो." काकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर तोंडातून खरंच आलं असतं. एकदाही विचारलं नाहीत."

"विचारायला आधी संशय यावा लागतो," काका म्हणाले. "मला काट्याचा आला. वजनांचा आला. माझ्या डोळ्यांचा आला. तुझा नाही आला. तेवढंच चुकलं माझं."

बोक्या वाचला. काही दिवस सलाईनवर, काही दिवस पाण्यावर, मग चमच्या-चमच्यानं उकडलेल्या मांसावर. घरी आला तेव्हा गालफडं उतरलेली, चालणं जपून. काका दार उघडून उभे होते. बोक्यानं त्यांचा हात एकदा हुंगला आणि तो सरळ आत गेला, काकूंच्या पायाशी, आणि मान वर करून बसला. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी खरोखरच पथ्य पाळलं. भोपळा, गाजर, शेंगा, मांस, चिमूटभर पूड. वजन उतरू लागलं. दर रविवारी काटा थोडा मागे. इस्त्रीवाला म्हणाला, "काका, कमरेचा पत्ता लागला याच्या!" काका हसले. हसणं ओठांपुरतंच होतं.

ते सराफाकडे गेले. हात बरे होते, नजर बरी होती, होतीच आधीपासून.

"शेठ, बारीक काम पुन्हा घेईन म्हणतो."

सराफ गादीवर सरसावून बसला. "अहो, नजर चुकतेय म्हणालात. आता परत कशी आली? गुण आला की काय कुठल्या देवाचा?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य काकांच्या जिभेवर आलं, आणि त्या वाक्यात आपली बायको आहे हे त्यांना दिसलं. उद्या सराफ ते हसत कुणाला तरी सांगेल, तो कुणी इस्पितळात कुणाला, आणि तिथं कुणीतरी ताट वाजवत विचारील, "पथ्यमावशी, आज लोणी आहे का?"

"चष्मा बदलला," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला खोटं माप दिलं.

"असं होय! पण काका, त्या दुसऱ्याला शब्द देऊन बसलोय. तरुण आहे, हात चांगला आहे. आता काय करणार?"

"बरोबर आहे," काका म्हणाले.

घरी काकू वाट बघत होत्या. "काय म्हणाले शेठ?"

"काम दुसऱ्याला दिलंय."

"तुम्ही सांगितलंत ना, की चूक तुमची नव्हती म्हणून?"

"चष्मा बदलला म्हणून सांगितलं."

काकू चौरंगावर खाली बसल्या. एखादी जड पाटी डोक्यावर घेतलेली बाई बसते तशा, मान न हलवता. "माझं नाव सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मी आता जाऊन सांगते त्यांना. आत्ता जाते."

"नको."

"का नको? तुमचा धंदा गेला माझ्यापायी!"

"घरातलं घरात राहू दे." काका हातपाय धुवायला गेले. नळाच्या आवाजात काकू आणखी काही म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला नाही.

सकाळ झाली. काकूंनी बोक्याचं भांडं भरलं, काट्यावर ठेवलं, उतरवलं, त्याच्यापुढे मांडलं. काका दुकानाची किल्ली घेऊन निघाले. उंबऱ्यात त्यांचा पाय अडखळला. इतक्या वर्षांत या उंबऱ्यातून ते रोज बाहेर पडले होते, "येतो गं" म्हणून, आणि मागं वळले नव्हते.

आज ते वळले.

"मापात दिलंस ना?"

काकूंनी मान वर केली. बोक्या खात होता, भांडं फरशीवर खरखरत पुढं सरकत होतं. "हो," त्या म्हणाल्या. खरं सांगत होत्या. काकांनाही वाटलं, खरं सांगतेय.

तरी ते लगेच गेले नाहीत. किल्ली हातात घेऊन ते तिथंच उभे राहिले, भांड्याकडे बघत, बोक्यानं तळ चाटून पुसून काढेपर्यंत.